तुर्भ्याच्या फळबाजारात सफरचंदाच्या पानांची चौकशी

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठाण्याहून पहाटेची ट्रान्स-हार्बर लोकल पकडून तुर्भ्याला उतरलो. बाजार समितीचे फळ मार्केट पाहायचे तर ते उजाडताना पाहावे. उशिरा पोहोचणाऱ्याला भाव फुटून गेलेले आणि माथाडी कामगार चहाला बसलेले दिसतात.

हिमाचलच्या सफरचंदांचा हंगाम भरात होता. ओळखीच्या आडत्यांनी पेटी फोडून लाल डिलिशिअस या वाणाचे एक फळ माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "साहेब, रंग बघू नका, बूड बघा." देठाच्या विरुद्ध टोकाला सालीवर बारीक तपकिरी खळगे पडले होते, चाकूने साल काढताच खाली बुचासारखा कोरडा गर दिसला. हा बिटर पिट, म्हणजे फळाला कॅल्शियम कमी पडल्याची खूण. असा माल निवडून बाजूला काढतात आणि तो पडेल भावाने जातो.

मालाबरोबर आलेले हिमाचलातील कोटगडचे एक बागायतदार गाळ्यातच बसले होते. (सॅम्युअल स्टोक्स यांनी 1916 साली अमेरिकेतून डिलिशिअसची रोपे आणून लावली, ती याच कोटगडात.) "पानांत तर कॅल्शियम भरपूर आहे," असे हिंदीत सांगत त्यांनी मोबाइलवर पान परीक्षणाचा, म्हणजे पानांतील अन्नद्रव्ये मोजणाऱ्या तपासणीचा, अहवाल उघडला आणि माझी पहाट सार्थकी लागली.

अहवालातील आकडे नमुन्याच्या तारखेशिवाय वाचता येत नाहीत. वसंतातील कोवळ्या पालवीत नत्र (नायट्रोजन) 3 टक्क्यांच्या वर असू शकते. पान वाढू लागले की नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांचे प्रमाण उतरत जाते, आणि पानझडीपूर्वी झाड नत्राचा बराच भाग साल व लाकडात परत ओढून घेते, ज्याच्या बळावर पुढच्या वर्षीची पहिली फूट निघते. कॅल्शियमचे नेमके उलटे आहे. ते मुळांकडून पाण्याबरोबर पानात येते, तिथून जवळजवळ परत फिरत नाही आणि हंगामभर साचत राहते. म्हणून हे बदल त्यातल्या त्यात मंदावतात तेव्हा, जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, चालू वर्षाच्या फुटीवरील मधली पाने नमुन्याला घेतात. पानातून बाष्पोत्सर्जन, म्हणजे पाण्याची वाफ होऊन बाहेर पडणे, जास्त होते, फळातून कमी; म्हणून पाण्याबरोबरचे कॅल्शियमही पानाकडेच जास्त जाते. त्यामुळे पान भरलेले आणि फळ उपाशी, असे सहज घडते.

मग मी खुंटाचा, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतात त्या झाडाचा, विषय काढला. आपल्या द्राक्ष बागायतदारांना देठ परीक्षण (पानाच्या देठातील अन्नद्रव्यांची तपासणी) आणि द्राक्षाचा डॉगरिज खुंट हे दोन्ही तोंडपाठ असतात. या गृहस्थांनी मात्र बियांपासून वाढवलेल्या खुंटावरील जुनी उंच झाडे आणि तारांच्या आधारावरील नवी एम-9 खुंटाची झाडे, दोन्हींची पाने एकाच पिशवीत भरली होती. एम-9 हा इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रातून आलेला बुटका खुंट आहे. त्यावरील झाड लवकर आणि आकाराच्या मानाने भरघोस फळते, फळे पालाश ओढून घेतात आणि लदलेल्या झाडाच्या पानात ते घटते. जोमदार खुंटावर नत्र जास्त झाले, तर वाढणारे शेंडेच फळांच्या वाट्याचे कॅल्शियम पळवतात, आणि माझ्या मते त्या पेटीतील खळग्यांचे मूळ तिथेच असावे. एकत्र पिशवीच्या सरासरीवर खत ठरवणे म्हणजे पैसे मातीत घालणे.

त्यांनी तिथूनच घरी फोन लावून खुंटानुसार वेगळे नमुने काढायला सांगितले. तेवढी मुदत अजून होती. कॅल्शियम क्लोराइडची फवारणी मात्र फळ लहान असल्यापासून, थेट फळावर आणि पुन्हा पुन्हा घ्यावी लागते, त्यामुळे गाळ्यात आलेल्या मालाला तिचा काही उपयोग नव्हता.