चाराण्याचं नाणं

रविवार, रात्री साडेअकरा

आज दिवसभर डायनिंग टेबल माझ्या ताब्यात होतं आणि त्यावरून दोनदा बोलणी खाऊन झाली. आईने शेवटी ताट घेऊन सरळ टीव्हीसमोर बसणं पसंत केलं.

रेकॉर्ड प्लेअरच्या दोन तक्रारी होत्या. एक म्हणजे लिफ्टची दांडी खाली केली की टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, अलगद उतरायच्या ऐवजी धप्पकन रेकॉर्डवर आपटायचा. आणि दुसरी, गाण्यात कुठे 'स' किंवा 'श' आला की उजव्या स्पीकरमधून फर्रर्र, कोणीतरी कागद फाडतंय असं. मी महिनाभर सुईला शिव्या देत होतो, नवीन सुई ऑनलाइन खरेदीच्या कार्टमध्ये टाकूनही ठेवली होती.

आधी लिफ्ट. ती आपटते कारण तिच्या खांबाभोवती जे घट्ट सिलिकॉन तेल असतं, ज्याच्यामुळे ती सावकाश उतरते, तेच राहिलं नव्हतं. का नव्हतं, तर गेल्या दिवाळीत साफसफाईच्या जोशात मीच तिथे शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं, "जरा मोकळी होईल" म्हणून. झाली की मोकळी! खांब बाहेर काढला तर नुसतं काळपट पाणी. इअरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं पुसून काढलं, अर्धा डबा इअरबड संपले. नवीन तेल म्हणजे रिमोटच्या गाड्यांच्या डिफरेन्शियलमध्ये घालतात ते सिलिकॉन, बाटलीवर घट्टपणाचा आकडा पाच लाखाचा, इतकं घट्ट की टूथपिकवर घेतलं तर मधासारखंही पडत नाही, नुसतं लोंबत राहतं. खांबाला पातळसा हात फिरवला फक्त. आता दांडी सोडली की आर्म तीन-चार सेकंद घेतो खाली यायला, मी उगाचच वीसेक वेळा वर-खाली करून बघितलं.

मग हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाचा सुटा भाग, काढून मागच्या चार पिना खोडरबराने घासल्या, सुई जिच्यात बसते त्या कार्ट्रिजच्या वायरी चिमट्याने जरा हलवून बघितल्या (पांढरी, निळी, लाल, हिरवी, सगळ्या घट्ट). सुई भिंगाखाली धरली तर ठणठणीत. म्हणजे फर्रर्र तिचं नव्हतंच.

सुई रेकॉर्डवर किती वजन टाकते ते मोजायचं ठरवलं. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा ऑनलाइन घेतला होता, पण स्वस्तातला असल्याने विश्वास नाही, म्हणून आधी पाच रुपयांचं जुनं जाड नाणं ठेवलं, ते ९ ग्रॅमचं असतं. काटा म्हणाला ८.९७, ठीक आहे, चालतंय. मग सुई ठेवली. १.५८! माझी कार्ट्रिज आहे ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई, तिला १.८ ते २.२ लागतं, २ दिलं की ती खूश. आणि मग आठवलं, मार्चमध्ये मी स्वतःच काउंटरवेट, म्हणजे आर्मच्या मागच्या टोकाचं वजन, मागे फिरवलं होतं, रेकॉर्ड कमी झिजाव्यात म्हणून. हलकं म्हणजे सुरक्षित असं डोक्यात बसलेलं असतं ना आपल्या. पण सुई हलकी झाली की खाचेला धरून चालत नाही, मोठा आवाज किंवा 'स' आला की उधळते आणि परत येऊन भिंतीवर आदळते, त्याने उलट जास्त झीज होते.

त्यात अँटीस्केटचा, म्हणजे आर्मला हलकेच बाहेर ओढून धरणारा, डायल शून्यावर. तेव्हा आर्म हवेत तरंगत ठेवून बॅलन्स बघताना शून्यावर आणला होता तो परत फिरवायचाच राहिला. रेकॉर्ड फिरताना सुई आपोआप मधल्या भोकाकडे ओढली जाते, म्हणजे खाचेच्या आतल्या भिंतीला रेलते, बाहेरची भिंत सुटते आणि बाहेरच्या भिंतीवर असतो उजवा चॅनेल. म्हणून फर्रर्र उजवीकडेच! एवढं सरळ होतं ते आणि मी नवी सुई मागवत बसलो होतो.

परत पहिल्यापासून केलं. अँटीस्केट शून्य, आर्म अधांतरी सपाट, मग वजन २, काट्यावर २.०१, मग अँटीस्केट २. आई मागे येऊन उभी होती कधीची. म्हणाली, "अरे एवढं काय मोजतोयस, आमच्याकडे सुई उडाली की दादा वर चाराण्याचं नाणं चिकटवायचा."

जुने चाराणे अडीच ग्रॅमचे. म्हणजे मामाचं नुसतं वरचं ओझंच माझ्या अख्ख्या सुईच्या भारापेक्षा जास्त, आणि त्या रेकॉर्ड अजून वाजतात, खरखर आहे पण वाजतात! मी काही बोललो नाही.

रात्री भावगीतांची एलपी लावली, हल्ली रोज वाजते ती. सुरुवातीची गाणी एकदम स्वच्छ, 'स' नुसता 'स'. शेवटच्या गाण्यात, पार आतल्या खाचांमध्ये, उजवीकडे पुन्हा थोडं फर्रर्र. काटा आणून परत मोजलं, २.०१च. रेकॉर्ड उलटी केली, बी साइड मी फारशी लावतच नाही, तर ती शेवटपर्यंत स्वच्छ.

कार्टमधली सुई काढून टाकली. ए साइडचं काय करणार आता.