ब्रिटनीचा किनारा आणि कुजक्या अंड्यांचा वास

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील लानियों या गावी राहायला आल्यानंतर, पहिल्याच जुलैत आम्ही जवळच्या सँ-मिशेल-आं-ग्रेव्हच्या किनाऱ्यावर गेलो, तेव्हा तिथला कुजक्या अंड्यांचा वास मला कुठल्यातरी फुटलेल्या गटाराचा वाटला होता. प्रत्यक्षात तो वाळूवर पसरलेल्या हिरव्या शेवाळाचा होता. त्याची पाने लेट्यूससारखी दिसतात आणि इथले लोकही त्याला समुद्री लेट्यूसच म्हणतात.

ताजे शेवाळ निरुपद्रवी असते. एक-दोन दिवसांत ढीग कुजू लागला, की वरचा थर उन्हाने वाळून त्याचा पांढुरका पापुद्रा बनतो, आत हवा पोहोचत नाही आणि तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड वायू त्या पापुद्र्याखाली कोंडून राहतो. पाय पडून पापुद्रा फुटला, की तो एकदम बाहेर येतो. मुंबईत मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या सफाई कामगारांचे बळी घेणाऱ्या वायूंपैकी हा एक आहे, हे सांगितल्यावर आईचे फोनवरचे ‘समुद्राची हवा खात जा’ बंद झाले.

वास येतो तोवर सावध होता येते, असे मलाही वाटत होते. पण हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे 100 भाग झाले, की नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटू लागते. प्रमाण 500 च्या पुढे गेले, तर माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि 1000 च्या आसपास काही श्वासांतच श्वसन थांबू शकते. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खोलगट जागी साचतो. म्हणूनच लहान मुले आणि कुत्री यांना धोका अधिक.

याच किनाऱ्यावर जुलै 2009 मध्ये एक घोडा चिखलात रुतून काही क्षणांत मेला आणि बेशुद्ध पडलेल्या त्याच्या स्वाराला जवळच्या लोकांनी ओढून बाहेर काढले. त्यानंतर झालेल्या मोजणीत इथे हे प्रमाण 1000 पर्यंत आढळले. 2011 मध्ये पूर्वेकडील गुएसां नदीच्या मुखाशी 36 रानडुकरे मेली आणि 2016 मध्ये तिथेच धावायला गेलेला एक माणूस मृतावस्थेत सापडला. त्या मृत्यूची 60 टक्के जबाबदारी सरकारवर असल्याचा निर्णय नांतच्या अपील न्यायालयाने द्यायला जून 2025 उजाडले.

दोष समुद्राचा नाही. फ्रान्समधील निम्म्याहून अधिक डुकरे या एका प्रांतात पाळली जातात; त्यांचे मलमूत्र आणि रासायनिक खते शेतांत पडतात, त्यांतील नायट्रेट ओढ्यांवाटे उथळ उपसागरात उतरते आणि शेवाळाला आयतेच खाद्य मिळते. ट्रॅक्टरने ढीग उचलत राहणे हा त्यावरचा इलाज मला तरी गळक्या छपराखाली घमेले ठेवण्यासारखा वाटतो.

उन्हाळ्यात आम्ही आता ट्रेगास्तेलच्या गुलाबी खडकांकडे जातो. सँ-मिशेलला जायचेच झाले तर किनारा बंद असल्याची पाटी लागली आहे का, ते आधी पाहतो आणि मुलाला ओढ्याच्या मुखाकडे फिरकू देत नाही.