वॉटर्लूचा पाय: जाण्यापूर्वी हे वाचावे

ब्रुसेल्सहून निघणाऱ्या एका खासगी सहलीच्या पत्रकात ‘लॉर्ड अक्सब्रिज यांच्या पायाची जागा’ असे ठळक अक्षरांत छापले होते आणि त्या एका ओळीपायी आमच्याकडून साध्या सहलीच्या जवळजवळ दुप्पट पैसे घेण्यात आले. वॉटर्लूत पोहोचल्यावर वाटाड्याने एका बंद फाटकाकडे बोट दाखवून ‘तो इथेच आहे’ एवढेच सांगितले आणि गाडी पुढे काढली. लढाईत जखमी झाल्याने कापलेला तो पाय तिथे नाही. तो आता कुठेच नाही. माझा सगळा राग या खोटेपणावर आहे, कारण खरी हकिकत कुणाचीही फसवणूक न करता सांगण्याजोगी आहे.

१८ जून १८१५ रोजी, नेपोलियनविरुद्धची वॉटर्लूची लढाई संपत आली असताना, ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या घोडदळाचे प्रमुख अक्सब्रिज यांच्या उजव्या गुडघ्याचा तोफेच्या छर्ऱ्याने चुराडा झाला. (हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली आपल्या जालना जिल्ह्यातील असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली.) ‘माझा पाय गेला’ असे अक्सब्रिज म्हणाले आणि ‘खरेच गेला’ असे वेलिंग्टन उत्तरले, ही आख्यायिका तिथे प्रत्येक जण ऐकवतो. मला तिच्याहून त्यानंतरची शस्त्रक्रिया अधिक हलवून गेली. भूल देण्यासाठी ईथरचा वापर सुरू व्हायला अजून तीस वर्षे होती. गावातील यासंत पारी या गृहस्थांच्या घरी पाय गुडघ्याच्या वर कापला गेला, तेव्हा हत्यारांना फारशी धार नसावी एवढीच काय ती तक्रार जखमी माणसाने केली.

पारी यांनी तो पाय मागून घेतला, पेटीत घालून बागेत पुरला, वर कोरीव दगड बसवला आणि प्रवाशांना आधी रक्ताचे डाग पडलेली खुर्ची व मग बाग दाखवण्याचा क्रम ठरवून टाकला. प्रशियाचा राजाही ती जागा पाहून गेला. हे पिढ्यान्‌पिढ्या चालले. १८७८ मध्ये अक्सब्रिज यांचा मुलगा तिथे गेला, तेव्हा वडिलांची हाडे जमिनीखाली नसून उघड्यावर मांडलेली त्याला दिसली. चौकशी सुरू झाल्यावर पारी कुटुंबाने ती परत करण्याऐवजी विकत देऊ केली. हाडे पुन्हा पुरण्याचा सरकारी आदेश निघाला, पण तो पाळला गेला नाही. अखेर १९३४ मध्ये, घराण्यातील शेवटच्या पारींच्या निधनानंतर, त्यांच्या पत्नीला ती हाडे त्यांच्या अभ्यासिकेत सापडली आणि बोभाटा होईल या भीतीने तिने ती घरातील भट्टीत जाळून टाकली. एका माणसाच्या वेदनेवर शंभराहून अधिक वर्षे पैसे मिळवले गेले. आजच्या त्या पत्रकाने तेच पुढे चालवावे, हे मला अक्षम्य वाटते.

आता जाणाऱ्यांसाठी. सहल घेऊ नये. ब्रुसेल्सहून आगगाडीने वॉटर्लू स्थानकावर उतरावे आणि सेंट जोसेफ चर्चसमोरच्या वेलिंग्टन संग्रहालयात चालत जावे. लढाईच्या आदल्या रात्री वेलिंग्टनचा मुक्काम याच इमारतीत होता आणि अक्सब्रिज यांचा एक कृत्रिम पाय इथेच ठेवलेला आहे. तो पाहिल्यावर माझा शीण उतरला.

रणभूमी मात्र वॉटर्लू गावात नाही, हे कुणी आधी सांगत नाही. ती दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर, ब्रेन-लालूच्या हद्दीत आहे, आणि संग्रहालयातून तिथे चालत जाणारा रस्ता या प्रवासातील सर्वांत वाईट भाग आहे. अंतर आपल्या ट्रेकवाल्यांना किरकोळ वाटेल. परंतु सरळसोट हमरस्ता, अखंड वाहने, धूर, दुकानांच्या पाट्या आणि सावलीचा अभाव यांमुळे पाऊल टाकण्याची इच्छाच उरत नाही. हा टप्पा कोणीही चालू नये. परत स्थानकावर यावे, पुढचे ब्रेन-लालू स्थानक गाठावे आणि तिथून रणभूमीवर माती रचून उभारलेल्या सिंहाच्या टेकडीकडे वळावे. टेकडीला २२६ पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर त्या खुशाल सोडाव्यात, कारण टेकडीसाठी आसपासची माती उपसल्याने वेलिंग्टनच्या फळीचा मूळ उंचवटाच सपाट झाला आहे आणि वरून दिसते ते १८१५ चे रण नव्हे. त्यापेक्षा वेलिंग्टनच्या सैन्याने लढाईत राखलेली हुगोमाँची शेतवाडी पाहावी. दोन्हीकडचे मिळून एकत्रित तिकीट आहे का, हे पहिल्याच खिडकीवर विचारावे.

ब्रुसेल्समधील दिवस सुखाचे गेले. त्यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

ज्यांना मूळ वस्तूच पाहायच्या आहेत त्यांनी लंडनला चेल्सीतील नॅशनल आर्मी म्युझियममध्ये जावे. ज्या करवतीने पाय कापला ती करवत आणि रक्ताने माखलेला हातमोजा त्या संग्रहात आहे, आणि प्रवेश विनामूल्य आहे. त्या करवतीपुढे मी बराच वेळ उभा होतो आणि वॉटर्लूतील सगळा मनस्ताप तिथे विसरलो. वेल्समधील अँगलसी बेटावरच्या प्लास नेविद या वाड्यात अक्सब्रिज यांनी वापरलेला सांध्यांचा कृत्रिम पाय आणि त्या दिवशीची चिखलाने बरबटलेली विजार जपून ठेवली आहे. जवळचे स्थानक लानवायरपूल असून वाडा वर्षभर सारखा खुला नसतो, म्हणून दिवस व वेळ तपासल्याशिवाय तिकिटे काढू नयेत. एकच ठिकाण निवडायचे झाल्यास लंडन निवडावे.