तुम्ही विचारलंत म्हणून: भिंत असताना सांगाडा कशाला?

किण्वाचा, म्हणजे यीस्टचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला: पेशीला बाहेरून टणक भिंत आहे, मग आत सांगाडा हवाच कशाला?

प्रश्न रास्त आहे. घोळ घातलाय तो 'सांगाडा' या शब्दाने. हाडांचा सांगाडा शरीर तोलतो. किण्वात ते काम भिंतच करते. नवी भिंत कुठे घालायची, हे मात्र आतले प्रथिनांचे तंतू ठरवतात.

पावाचं पीठ फुगवणारं सॅकरोमायसिस सेरेव्हिसी घ्या. पेशी जेमतेम ५ मायक्रॉनची. कलिका, म्हणजे आईपेशीवर उगवणारी नवी पेशी, फुटण्याआधी सीडीसी-४२ हे प्रथिन पेशीपटलावर एका जागी गोळा होतं आणि फॉर्मिन प्रथिनं त्या दिशेने अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या दोऱ्या वळू लागतात. कलिकेच्या टोकाशी बीएनआय-१ हे फॉर्मिन, मानेशी (कलिका आणि आईपेशी यांच्यामधल्या अरुंद भागाशी) बीएनआर-१. भिंतीचा माल भरलेल्या पुटिका (इवल्या पिशव्या) मायो-२ हे मायोसिन, म्हणजे ओझं वाहणारं प्रथिन, या दोऱ्यांवरून कलिकेत ओढून नेतं. जिथे माल उतरतो, तिथे वाढ होते. लॅट्रुनक्युलिन-ए हे रसायन घालून अ‍ॅक्टिन मोडलं, की दोऱ्या मिनिटा-दोन मिनिटांत नाहीशा होतात. पेशी वाढायची थांबत नाही. दिशा हरवून सगळीकडून फुगते.

मायक्रोट्यूब्यूलची, म्हणजे प्रथिनांच्या पोकळ नळ्यांची, गोष्ट वेगळी. नोकोडाझोल या रसायनाने ते मोडले तरी कलिका छान वाढते, पण केंद्रक आईपेशीतच अडकतं. किण्वात विभाजनाची जागा आधीच ठरलेली असते: मान. त्यामुळे केंद्रकालाच तिथवर आणावं लागतं. केएआर-९ हे प्रथिन मायक्रोट्यूब्यूलचं टोक मायो-२ला बांधतं, आणि ते टोक त्याच अ‍ॅक्टिनच्या दोरीवरून मानेकडे ओढलं जातं. पुढे डायनिन हे दुसरं ओढणारं प्रथिन केंद्रकाला मानेतून खेचतं. दोन्हींपैकी एक वाट बंद असली तरी पेशी निभावून नेते. दोन्ही बंद झाल्या तर मरते.

मानेवर सेप्टिन प्रथिनांचं कडं असतं. कलिका दिसू लागण्याआधीच ते तयार होतं आणि विभाजनाच्या वेळी दुभंगून दोन कडी होतात. आकसणारी अ‍ॅक्टिन-मायोसिनची कडी या दोहोंच्या मधे. शास्त्रज्ञ लेलंड हार्टवेल यांनी वेचलेल्या तापमान-संवेदी (तापमान वाढलं की दोष दाखवणाऱ्या) वाणांपैकी सीडीसी-३, १०, ११ किंवा १२ या सेप्टिनच्या जनुकांत दोष असलेलं वाण ३७ अंशांवर ठेवा: केंद्रकं विभागत राहतात, कलिका लांबट होत जातात, पेशी मात्र सुट्या होत नाहीत. आकसणाऱ्या कडीला पुस्तकांत जरा जास्तच महत्त्व मिळतं असं माझं मत. त्या कडीतलं मायोसिन, मायो-१, नसलेली बरीच वाणं अडखळत का होईना, मधला पडदा घालून विभागतात.

हे सगळं स्वतः पाहायचं, तर अ‍ॅक्टिनला चिकटणाऱ्या फॅलॉयडिनने रंगवा. इथे चुका होतात त्या रंगवण्याआधी. संवर्धन जोमात वाढणारं हवं, ६०० नॅनोमीटरला ओडी (गढूळपणाचं माप) ०.३ ते ०.५. रात्रभर साकळलेल्यात कलिकाच सापडत नाहीत. आधी सेंट्रिफ्यूज करून मग पेशी आहेत तशा स्थिर करणारं फॉर्माल्डिहाइड घालणं ही सर्रास होणारी चूक. फिरवण्याचा ताण किंवा ग्लुकोजचा पुरवठा तुटणं, यांपैकी काहीही झालं तरी काही मिनिटांत कलिकेतले अ‍ॅक्टिनचे ठिपके आईपेशीभर विखुरतात, आणि आपण तो जनुकाचा दोष समजून बसतो. म्हणून फॉर्माल्डिहाइड थेट फ्लास्कमध्येच ओता, अंतिम प्रमाण ४ टक्के. १० मिनिटांनी पेशी खाली बसवा, ताज्या ४ टक्के द्रावणात तासभर ठेवा, दोनदा बफरने धुवा आणि रोडामिन-फॅलॉयडिन (रोडामिन हा चमकणारा रंग जोडलेलं फॅलॉयडिन) घालून अंधारात ठेवा. मिथेनॉलने पेशी स्थिर करू नका. त्यात अ‍ॅक्टिनची घडण बिघडते आणि फॅलॉयडिन चिकटतच नाही.

१०० पटीच्या तेलाच्या भिंगाखाली आधी इवल्या कलिकेची पेशी शोधा. ठिपके जवळजवळ सगळे कलिकेत आणि आईपेशीत मानेकडे धावणाऱ्या अंधुक दोऱ्या दिसल्या, तर पेशी ठीक स्थिर झाल्यात. आईपेशीभर ठिपके दिसले, तर जनुकाला दोष देण्याआधी फ्लास्कपासून पुन्हा सुरुवात करा.