आईचं सकाळचं बीपी

आज सकाळी आईचं बीपी ९२/५८ आलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पलंगावरून उठली ती दाराची चौकट घट्ट धरून उभीच राहिली. "काही नाही गं, जरा अंधारी आली." चार दिवस हेच चाललंय.

बीपीच्या नोंदींची वही घेऊन तिला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, ९०/६० च्या आसपासचा आकडा काहींचा कायमचाच असतो, त्रास नसेल तर घाबरायचं नाही. पण चक्कर येत असेल तर उभं राहून मोजायलाच हवं. हे मला माहीतच नव्हतं! आई बसलेली असताना ११२, उभी राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला ८८. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ते गंभीरपणे घ्यायचं. मग कळलं, रात्री उठायला लागू नये म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. आणि झोपताना बीपी कमी करायची गोळी. डॉक्टरांनी डोस बदलून दिला. मनानं गोळी बंद करू नका, हेही बजावलं.

आता चहाच्या आधी ५ मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, दंड छातीच्या पातळीत, पट्ट्याखाली बाही नको, १ मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. मग उभं राहून पुन्हा.

तुमच्या घरी कुणी उठताना भिंत धरत असेल तर एकदा उभं करून मोजा ना, प्लीज. आईच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवलाय.