तोंड न उघडणारा डायनासोर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला आमचा स्टुडिओ म्हणजे एक गाळाच. दोन्ही बाजूंना पॉवर प्रेस, त्यामुळे नाजूक रेकॉर्डिंग आम्ही सुट्टीच्या दिवशी लावतो. त्या दिवशी काम होतं एका परदेशी, कडकीत काढलेल्या सिनेमाच्या मराठी डबिंगचं. गुहेतली माणसं आणि त्यांच्या मागे लागलेले डायनासोर. डायनासोर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आणि आपल्यासारखा माणूस आला फार तर ३ लाख वर्षांपूर्वी, पण असल्या सिनेमाला हा हिशेब विचारायचा नसतो.

क्लायंटकडून आलेला एम अँड ई ट्रॅक, म्हणजे संवाद काढून उरलेलं संगीत आणि आवाज, लावून बघितला तर माणसं मुकी! गुहेतल्यांची बोली म्हणजे नुसते हुंकार आणि आरोळ्या. कुणीतरी त्यांनाही संवाद समजून साफ पुसून टाकलं होतं. मग काय, नाटकातली पोरं-पोरी बोलावली आणि सकाळपासून आरडाओरडा सुरू. फोलीवाले दादा, म्हणजे पावलांचे, वस्तूंचे आवाज स्टुडिओत हाताने काढून देणारे, जुन्या कॅसेटच्या टेपचा गुंता जमिनीवर पसरून त्यावर चालत होते. माइकला ते वाळलेलं गवत वाटतं. (गवताबाबत मात्र सिनेमा चुकलेला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला सापडलेल्या डायनासोरांच्या काळातल्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे अंश आहेत, हे २००५ साली प्रसिद्ध झालं.)

खरी पंचाईत डायनासोरची. तो होता पाठीवर पंख्यासारखा पडदा चिकटवलेला सरडा. ही युक्ती जुनीच. १९४०च्या 'वन मिलियन बी.सी.'मध्ये सरडे आणि मगरीचं पिल्लू असंच सजवून झुंजवलं होतं, आणि ती दृश्यं पुढे कितीतरी स्वस्त सिनेमांनी वापरली. त्याच गोष्टीवर पुन्हा काढलेल्या १९६६च्या सिनेमात स्पेशल इफेक्टवाल्या रे हॅरीहाउझेनने बाहुल्या एकेक फ्रेम हलवून जिवंत केल्या, तरी एक खरा इग्वाना त्यानेही घुसवलाच.

छोटा प्राणी २५ पट मोठा भासवायचा तर कॅमेरा ५ पट वेगाने, म्हणजे सेकंदाला १२० फ्रेमने चालवावा लागतो. मग पडद्यावर त्याची हालचाल जड दिसते. आमच्या निर्मात्याने फिल्म वाचवलेली. सरडा चुटकीसरशी मान वळवायचा आणि क्षणात सरडाच वाटायचा. मी तयार आवाजांच्या लायब्ररीतली हत्ती-वाघ मिसळलेली गर्जना लावून पाहिली, तर तो आणखीच लहान झाला. कारण पठ्ठ्या तोंडच उघडत नव्हता! नुसती जीभ आत-बाहेर.

तेवढ्यात दार धाडधाड वाजलं. इमारतीचे वॉचमन काका, हातात काठी. "ओ मॅडम, कोण बाई ओरडतेय आत?" बूथमधल्या मुलीने गुहेवरच्या हल्ल्याची किंकाळी जरा जास्तच मनापासून दिली होती. काकांची खात्री पटावी म्हणून त्यांना पडद्यासमोर बसवलं. त्यांनी एक शॉट पाहिला आणि म्हणाले, "हे ओरडतंय कशाला? आमच्या मुरबाडकडं घोरपड ओरडत नाही. गळा फुगवते आणि असा श्वास सोडते." आणि त्यांनी तो सोडून दाखवला. लांब, खरखरीत, शेवटी घशात अडकलेला.

मी दादांकडे पाहिलं. ते तोवर पाण्याचा वीस लिटरचा रिकामा जार आणायला उठले होते. काकांना बूथमध्ये बसवून जारच्या तोंडाशी तोच श्वास सोडायला लावला, माइक बाहेरून जारला जवळजवळ टेकवलेला. वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली उतरतो. अजून एकदा निम्मा केला, खाली दादांनी वाळूच्या पोत्यावर मारलेली बुक्की जोडली. सरडा मान वळवतो, मग थोडं थांबून तो श्वास येतो. त्या थांबण्यानेच अर्धं काम केलं. एवढ्या मोठ्या छातीतून हवा निघायला वेळ लागणारच, असं कानाला वाटलं.

डायनासोर बहुधा तोंड मिटूनच घुमत असावेत, शहामृग किंवा मगरी घुमतात तसे, असा अंदाज संशोधकांनी २०१६ साली मांडला आहे. क्लायंटच्या माणसाला संध्याकाळी मी हे सगळं रंगवून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "मॅडम, छान आहे, पण पब्लिकला गर्जना लागते." बऱ्याच घासाघिशीनंतर ठरलं, जनावर पडद्यावर दिसत असेल तेव्हा काकांचा श्वास, दिसत नसेल तेव्हा गर्जना. काकांना इतर आवाजवाल्यांइतकंच पाकीट मिळालं, यावर दादा अडूनच बसले होते.

ट्रेलर आला तेव्हा त्यात श्वासाचा एकही शॉट नव्हता. सगळी गर्जनाच.