मिलोसला, वाऱ्याच्या मर्जीने

आदल्या संध्याकाळी कॅप्टनचा मेसेज आला. उद्या शेजारच्या पोलिएगोस बेटाला जाता येणार नाही. वारा उत्तरेचा, जोर सकाळी पाच आणि दुपारनंतर सहा. मिलोसच्याच दक्षिणेला क्लेफ्टिकोला जाऊ, नऊऐवजी आठला धक्क्यावर या. 'चालेल ना?' वगैरे काही नाही. भावजींना ते लागलं. अख्खी बोट दिवसभरासाठी आपण घेतली आहे, मग कुठे जायचं ते आपण ठरवायचं, असं त्यांचं म्हणणं. मी अलिबागचा. आमच्याकडे तांडेलाने नाही म्हटलं की विषय संपतो, त्यामुळे मी गप्प राहिलो.

मिलोस हे ग्रीसच्या सायक्लेड्स द्वीपसमूहातलं नैर्ऋत्येचं बेट. सांतोरिनी ज्या ज्वालामुखींच्या रांगेत आहे, त्याच रांगेतलं. नकाशात घोड्याच्या नालेसारखं दिसतं, मधे मोठी थोरली खाडी, आणि तिचं तोंड वायव्येला. बंदराचं गाव अदामास या खाडीत आत आहे. ताई आणि भावजी झ्युरिकला असतात. सगळ्यांना जमेल अशी सुट्टी जुलैच्या अखेरीसच निघाली आणि जुलै-ऑगस्ट म्हणजे इथे मेल्तेमीचा मोसम.

मेल्तेमी हा उत्तरेकडून येणारा कोरडा वारा. आकाश निळंशार, ऊन लख्ख, ढगाचा ठिपका नाही, आणि तरी समुद्र उसळलेला असतो. आपल्या डोक्यात वादळी समुद्र म्हणजे काळं आभाळ असं पक्कं बसलेलं असतं, म्हणून हॉटेलच्या गच्चीतून बघताना भावजींना कॅप्टन उगाच घाबरतोय असं वाटणं साहजिक होतं. गंमत म्हणजे या वाऱ्याचं आपल्या पावसाशी नातं आहे. उन्हाळ्यात वायव्य भारत आणि पाकिस्तानवर जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो, त्याची शेपूट इराण-इराकवरून थेट तुर्कस्तानपर्यंत जाते. इकडे बाल्कनच्या बाजूला हवेचा दाब जास्त असतो, मग उत्तरेची हवा एजियन समुद्रातून खाली ओढली जाते. म्हणजे आपला मॉन्सून आणि हा मेल्तेमी चुलतभाऊ. एक भिजवतो, दुसरा वाळवतो. त्याच दिवसांत आमच्याकडे मासेमारीला बंदी असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात.

कॅप्टनचे आकडे ब्यूफोर्ट मापाचे, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या मापाचे. पाच म्हणजे ताशी साधारण २९ ते ३८ किलोमीटर, सहा म्हणजे ३९ ते ४९. सहाच्या वर गेलं की छोट्या बोटींचं बाहेर पडणं अवघड होतं, कधी बंदराचे अधिकारीच मनाई करतात. बुकिंग करताना एवढं एकच नीट वाचून घ्यावं: वाऱ्यामुळे सहल रद्द झाली तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते. बाकी फोटो सगळ्यांचे सारखेच असतात.

आमची बोट एका सांगाड्याची, म्हणजे पाण्यात एकच बूड असलेली, बारा-तेरा मीटर लांब. कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, जास्त स्थिर असते, पसरायला जागा भरपूर, आणि भाडंही तसंच. मला मात्र कलणारी बोट हवी होती. शिडाच्या बोटीत बसायचं आणि ती कललीच नाही तर काय मजा! ताईने हे वाक्य पुढे दिवसभर मला ऐकवलं. चढताना चपला-बूट काढून टोपलीत टाकायचे, डेकवर अनवाणी. संडासात कागद टाकायचा नाही. चालताना 'एक हात स्वतःला, एक हात बोटीला'. सूचना संपल्या.

आत टेबलावर नकाशाच्या कोपऱ्यावर दाब म्हणून एक काळा, काचेसारखा चकाकणारा दगड ठेवला होता. ऑब्सिडियन. लाव्हा झटकन थंड झाला की अशी काच बनते, फोडली तर वस्तऱ्यासारखी धार येते. तांबं-कांस्य येण्याआधी माणसाला यापेक्षा धारदार काही माहीत नव्हतं. मुख्य भूमीवरच्या पेलोपोनीजमधल्या फ्रांख्थी गुहेत मिलोसचा हा दगड १०,००० वर्षांहून जुन्या थरांत सापडला आहे. म्हणजे शेतीही सुरू झाली नव्हती तेव्हा कोणीतरी समुद्र ओलांडून या बेटावर दगड न्यायला येत होतं, आणि घेऊन परत जात होतं. हे कळल्यावर मी लाइफ जॅकेट जरा निमूटपणे घातलं.

खाडीतून बाहेर पडताना उजव्या हाताला क्लिमा लागतं. याचे फोटो तुम्ही पाहिले असतील: पाण्याला खेटून घरांची रांग, खाली लाल, निळी, हिरवी, पिवळी दारं. खालची खोली मऊ ज्वालामुखी खडकात कोरलेली, अशा खोल्यांना सिर्माता म्हणतात. हिवाळ्यात होडी तिथे ओढून ठेवायची आणि माणसांनी वर राहायचं. मला रंगांपेक्षा दुसरंच काही दिसत होतं. ही दारं पाण्यापासून हात-दीड हातावर आहेत! आमच्याकडे कोणी असं घर बांधलं तर पहिल्याच अमावास्येला चुलीत पाणी. अलिबागला मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं. कुलाबा किल्ल्यात सकाळी चालत गेलेला माणूस दुपारी अडकून बसतो. इथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर. भूमध्य समुद्र जवळजवळ बंद आहे, जिब्राल्टरच्या अरुंद तोंडातून भरतीची लाट आत येतच नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे इथल्या दर्यावर्दी माणसाच्या डोक्यात तिथी नसते, वारा असतो. आमच्या कॅप्टनला मी आज चंद्र कितवा विचारलं तर त्याने खांदे उडवले. दहा मिनिटांनी वारा किती अंशांनी फिरेल हे मात्र त्याने न बघता सांगितलं.

क्लिमाच्या वर डोंगरउतारावर प्राचीन शहराची जागा आणि रोमन काळातलं संगमरवरी नाट्यगृह आहे. १८२० मध्ये याच उतारावर एका शेतकऱ्याला दगड काढताना एक पुतळा सापडला. आज तो पॅरिसला लूव्रमध्ये आहे आणि जग त्याला व्हीनस दि मिलो म्हणून ओळखतं. वरच्या प्लाका गावातल्या संग्रहालयात त्याची प्रतिकृती ठेवली आहे. इथलीच आणखी एक गोष्ट पर्यटनाच्या पत्रकात सहसा नसते. इसवी सन पूर्व ४१६ मध्ये अथेन्सचं आरमार इथे आलं. मिलोसवाल्यांना अथेन्स आणि स्पार्टाच्या भांडणात पडायचं नव्हतं, तटस्थ राहायचं होतं. वेढा पडला, अन्न संपलं, शहर शरण आलं. अथेन्सने पुरुष मारले आणि बायकामुलं गुलाम म्हणून विकली. लोकशाहीचं माहेर म्हणून आपण ज्या अथेन्सचं कौतुक करतो, ते हेच. भावजींना इतिहासाची आवड, त्यामुळे इथे मात्र त्यांनी कॅप्टनला हवं तेवढं बोलू दिलं.

खाडीच्या तोंडाशी वारा थेट अंगावर आला. कॅप्टनने मोठं शीड पूर्ण उभारलंच नाही, एक पट्टा गुंडाळून लहान केलं. वानीच्या टोकाला वळसा घातला. तिथे मँगनीजच्या जुन्या खाणीची पडकी बांधकामं दिसतात. मिलोस हे खाणींचंच बेट, आजही पूर्वेकडे बेंटोनाइट आणि पर्लाइट निघतं. पर्यटकांच्या बोटी त्या बाजूला फारशा रेंगाळत नाहीत. वायव्येला अँटिमिलोसचा निर्मनुष्य डोंगर मागे पडला आणि बोट दक्षिणेकडे वळली. वारा पाठीशी येताच कानातला घोंघाट एकदम थांबला. इंजिन बंद केलं. शीड फुगलं, बोट जराशी डावीकडे कलली, आणि मग पाण्याचा सळसळाट तेवढा उरला.

या टप्प्यासाठी पैसे वसूल. भाच्याला कॅप्टनने सुकाणूच्या चाकाशी उभं केलं. तो पोरगा पाच मिनिटं आकड्यांच्या पडद्याकडे बघत चाक फिरवत होता आणि बोट दारुड्यासारखी झुलत होती. कॅप्टनने टोपी काढून पडद्यावर ठेवली. "लांबचा डोंगर बघ." मग जमलं. पुढे त्याने कोणालाच चाक दिलं नाही. "मामा, तू नंतर." तो नंतर काही आला नाही. ताईला मात्र बोट लागली. मागून येणाऱ्या लाटांवर बोट जी मंद डोलते, ती समोरच्या धक्क्यांपेक्षा पोटाला जास्त छळते. आत जाऊन आडवं होणं हा सर्वांत वाईट उपाय. बाहेर बसायचं, क्षितिजाकडे बघायचं, आलं चघळायचं. गोळी घ्यायची असेल तर निघायच्या तासभर आधी.

वाटेत सिकियाची गुहा. तिचं छत कधीतरी कोसळलं, त्यामुळे वरून उजेडाचा झोत आत पडतो आणि तळाचं पाणी पेटल्यासारखं हिरवं दिसतं. डिंगीतून, म्हणजे लहान होडीतून आत जाता येतं, पण त्या दिवशी तोंडाशी लाटा आपटत होत्या. बाहेरूनच पाहिली.

बेटाचं टोक ओलांडून क्लेफ्टिकोला आलो आणि वारा गायब. अख्खं बेट मधे आडवं, डोंगर साडेसातशे मीटरपर्यंत उंच; उत्तरेचा वारा इथपर्यंत पोचत नाही. पूर्वी समुद्री चाचे इथे दडून बसत ते उगाच नाही. पांढऱ्या ज्वालामुखी राखेचे कडे, पाण्याने पोखरून केलेल्या कमानी, बोगदे. गाडीरस्ता नाही, एक तर बोटीने या नाहीतर उन्हात पायपीट करा. अर्थात त्या दिवशी मिलोसमधली प्रत्येक बोट इथेच आली होती, कारण वारा सगळ्यांना एकच. निर्जन खाडीची स्वप्नं बघून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नांगर टाकताना कॅप्टन नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर उभा राहून तळ बघत होता. फिकट पट्टा म्हणजे वाळू, काळपट म्हणजे पोसिडोनिया. या समुद्री गवताची इथली जात फक्त भूमध्य समुद्रात वाढते, तीही फार हळू. नांगराने एकदा उपटलं की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. शेजारच्या एका मोठ्या यॉटने बिनदिक्कत गवतावर नांगर सोडला तेव्हा कॅप्टन ग्रीकमध्ये जे बोलला त्याचं भाषांतर त्याने केलं नाही.

उडी मारली तर पाणी अपेक्षेपेक्षा गार आणि खारट. बाष्पीभवन जास्त, नद्यांचं पाणी कमी, म्हणून इथला खारेपणा मोठ्या महासागरांहून अधिक आहे; तरंगायला कष्ट पडत नाहीत. दहा मीटर खालची वाळू दिसते. पण मासे? हाताच्या बोटाएवढे चार-दोन. पाणी इतकं नितळ असायचं कारण त्यात खायला काही नाही. सूक्ष्म वनस्पतींना लागणारं खतपाणी कमी, म्हणून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव कमी, म्हणून मासळीही बेताचीच. आमचा समुद्र गढूळ, मातकट, पण भरल्या घरचा. पोहायला हा बरा, जेवायला तो.

जेवण कॅप्टनने तिथेच आत छोट्या शेगडीवर केलं. आम्हाला कोळंबी घातलेला पास्ता. भावजी शाकाहारी, आधी कळवलं होतं म्हणून त्यांच्यासाठी लादेनिया होती: टोमॅटो, कांदा आणि सढळ हाताने ऑलिव्ह तेल घालून भाजलेली जाड पोळी, शेजारच्या किमोलोस बेटाची खासियत. शिवाय पिताराकिया, म्हणजे चीज भरलेल्या तळलेल्या करंज्या. भावजींचा कॅप्टनवरचा राग इथे संपला. त्यांनी पोलिएगोसबद्दल विचारलं, तेव्हा कळलं की ते निर्मनुष्य बेट आहे, बकऱ्या चरतात, आणि त्याच्या गुहांत भूमध्य सागरी मंक सील पिल्लं घालतात. जगात हे सील आता हजाराच्या आतच उरले आहेत. आम्ही गेलो नाही याचं त्यांना काही वाईट वाटलं नसावं.

परतीचं मात्र कोणी सांगत नाही. जी वाट वाऱ्याबरोबर सळसळत गेलो, तीच आता वाऱ्याच्या तोंडावर. शिडाने नागमोडी जायचं तर अंधार पडला असता, म्हणून शीड उतरवून इंजिन. नाळ लाटेवर चढायची, धाडकन आपटायची आणि बादलीभर पाणी आमच्या अंगावर. अंगावर मीठ वाळून पापुद्रे निघाले. शिडाची सहल म्हणून जे विकतात, त्यात मेल्तेमीच्या दिवशी निम्मा वेळ डिझेलवर जातो, हे माहीत असलेलं बरं. जून किंवा सप्टेंबरमध्ये वारा सहसा नरम असतो, तेव्हा किमोलोस-पोलिएगोसची बाजू मिळण्याची शक्यताही जास्त. चौघांसाठी स्वतंत्र बोट परवडणारी नसेल तर दहा-बारा जणांच्या बोटी त्याच जागी जातात; फरक एवढाच की तिथे भाच्याला तासभर चाक मिळालं नसतं.

अदामासला उतरलो तर धक्क्यावर वेगळीच गडबड. दुसऱ्या दिवशी वारा सात सांगितला होता. आमचं अथेन्सच्या पिरेयस बंदराचं तिकीट हायस्पीड बोटीचं, ती रद्द झाली होती. मोठी, संथ फेरी तेवढी सुटणार होती. मिठाने पांढऱ्या झालेल्या शर्टात भावजी तिकीट बदलायच्या रांगेत उभे राहिले. पुढचा फ्रेंच माणूस खिडकीवरच्या बाईशी हुज्जत घालत होता, की मी पूर्ण पैसे भरले आहेत. भावजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला मेल्तेमी समजावून सांगायला सुरुवात केली.